गाडी चारणारा

पांढुर्ण्यात इलेक्ट्रिक टॅक्सी चालवणारा हा गृहस्थ 'चार्जिंग' म्हणतच नाही. प्लग लावतो, बॉनेटवर थाप मारतो आणि सांगतो, "गाडी चारून राहिलो." लांबच्या प्रवासात सवारी कुरकुरली, की उत्तर ठरलेलं: "बैल तरी खाल्ल्याबिगर घाट चढते का, भाऊ?" घरच्यापेक्षा रस्त्यावरचं चार्जिंग महाग पडतं, तरी याची तक्रार नाही. तक्रारी मी करतो. चार्जरच्या जागा अडवणाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटली, निवेदनं दिली. एक चाक हललं नाही!

मागच्या महिन्यात त्याच्या गाडीत मी होतो आणि छिंदवाड्याला परीक्षेला निघालेली सावरगावची एक मुलगी. बॅटरी घाटाला पुरणारी नव्हती. सौंसरला थांबलो, तर चार्जरसमोर कुण्या शेठची डिझेल गाडी आडवी. शेठ शेजारच्या हॉटेलात चहा पीत होते. मी तावातावाने नियम सांगितला. "जा, कर तक्रार," शेठ हसले. मुलगी रडवेली झाली.

आमच्या टॅक्सीवाल्याने रस्त्याकडेचं मूठभर गवत उपटलं, शेठच्या बॉनेटवर ठेवलं आणि हात जोडले. "जागा चरणाऱ्यायची आहे, शेठ. तुमची भुकी असन त पहिले तिले खाऊ द्या. आमी थांबतो."

अख्खं हॉटेल खो-खो हसलं. शेठनी अर्धा चहा टाकून गाडी काढली.

मुलगी वेळेवर पोचली. आता तिथे कुणी गाडी आडवी लावलीच, तर चहावालाच ओरडतो, "ओ भाऊ, गवत आणू का?"