क्रेटमधला सुभेदार

मधी कुनी हसायचं न्हाई, आधीच सांगतो. हसला की मी उठलो, मग चहा राहिला तर राहिला. आयुष्यात लय घोळ घातलं, पर ह्या घोळात मी भर बाजारात, माझ्याच तोंडानं, माझीच अब्रू घालवली. तीबी ओरडून ओरडून!

आमचं गाव तासगावाजवळ. द्राक्षबाग हाय. पोरगं फौजेत. मागं सुट्टीला आलं तवा त्यानं भाईरच्या सोप्यात काचंची ही भली मोठी टाकी आनून बसवली. म्हस आत बसंल एवढी! त्यात दोन मासं. एक अरोवाना, चांदीवानी चकाकनारा, हातभर लांब. दुसरा ऑस्कर, काळा-तांबडा, जाडजूड, तोंड सदा रुसल्यावानी.

"खायाचं न्हाई तर मासा पाळायचा कशाला रं?" मी इचारलं.

"तात्या, नुसतं बघत बसायचं," म्हनला आन् गेला निघून ड्युटीवर.

बघत बसायचं! मी काय रिकामटेकडा हाय? पर बसलो की! एक दिवस बसलो, मग रोजच बसाय लागलो. लांबड्याचं नाव ठिवलं सुभेदार, जाड्याचं हवालदार. शिकारी जात ती! बारकं मासं सोडलं की गट्ट. कोंबडीचा तुकडा धरला की सुभेदार पान्यातनं उसळून बोटातनं घ्यायचा. मी बागंतनं आलो की दोघं काचंला नाक लावून हुबं. एवढी वाट माझी लगीन झाल्यापास्नं कुनी बघितली न्हाई.

म्हातारी म्हनायची, "आवं, माझ्याशी कवा एवढं बोलला न्हाईसा."

"तू कवा उडी मारून माझ्या हातातनं खाल्लंस?"

तिनं जे तोंड फिरवलं ते दोन दिवस फिरवलेलंच.

एक कायदा मात्र कडक. टाकीत हात घालनार तो मीच. दुसऱ्या कुनी बोट जरी बुडवलं तरी घर डोक्यावर घ्यायचो.

तर त्या दिवशी काय झालं, सकाळी फवारनी करून दुपारी घरी आलो. दोघांना खायाला घातलं, भाकरी खाल्ली, जरा आडवा झालो. उठून बघतो तर काय? सुभेदार उताना! हवालदार तळाला आडवा! काचंवर टकटक केलं, हाका मारल्या, कायबी न्हाई. मी असा बोंबललो की शेजारपाजारची मानसं पळत आली.

"तात्या! काकींना काय झालं?"

"तिला काय धाड भरलीया? मासं गेलं माझं!"

मानसं आली तशी परत गेली. एकानंबी टोपी काढली न्हाई. ह्याला मानुसकी म्हनत्यात?

मग सुरू झाला माझा तपास. म्हातारीला इचारलं, फरशीला काय वासाचं टाकलंस? ती म्हनली, गोमूत्र. शेजाऱ्याला इचारलं, खिडकीतनं काय फेकलंस? तो म्हनला, "आज फेकलं न्हाई, उद्या फेकतो." आन् एकदम डोक्यात ठिनगी पडली. दस्तगीर!

दस्तगीरचं तासगावात पाळायच्या माशांचं दुकान. आमी तिसरीपतोर एका बाकावर. फुडं मी शाळंचं तोंड बघितलं न्हाई, तो सातवीपतोर गेला, म्हनून आमच्यात तो शिकलेला. ईदचा शिरखुर्मा त्याच्याकडनं आमच्याकडं, बेंदराची पुरनपोळी आमच्याकडनं त्याच्याकडं. सुभेदार, हवालदार त्याच्याच दुकानातलं. त्यांच्या खायाचं बारकं मासंबी तिथलंच, कालच आनलेलं. झालं! रोगट मासं दिलं गड्यानं!

"आवं, भाऊजी असं करायचं न्हाईत," म्हातारी म्हनली. "फोन तर लावा आधी."

"फोन कशाला? मुद्देमाल घेऊन जातो!"

द्राक्षाच्या क्रेटमधी ओला टावेल आंथरला, त्यात दोघांना निजवलं आन् अंगावरच्या कपड्यानिशी यष्टीत चढलो.

कंडक्टर म्हनला, "तात्या, क्रेटमधी काय?"

"मयत."

त्यानं टावेल उचलून बघितला. "ह्याला लगेज लागंल."

"शोकात असलेल्या मानसाकडनं लगेज घेतोस?"

फुडच्या शीटवरची बाई वाकून बघाय लागली. "मरळ व्हय ओ? ताजा दिसतोय. आंबट करा, लय ग्वाड लागंल."

"बाई, सुभेदार हाय त्यो!"

ती बाई उठली आन् पार ड्रायव्हरमागं जाऊन बसली. तासगाव येईस्तवर माझ्याकडं वळून वळून बघत व्हती.

दस्तगीरच्या दुकानाला लागूनच शेतीच्या औषधाचं दुकान, म्हंजी बागायतदारांची कायम गर्दी. मला काय, तेच पायजे व्हतं! क्रेट त्याच्या फळीवर आदळली आन् सुरवात केली.

"या रं सगळी! बघा ह्यो बाकावरचा दोस्त! रोगट माल इकून माझी दोन लेकरं मारली ह्यानं! दस्तगीर, आजपास्नं तुझा माझा संबंध तुटला! शिरखुर्मा बंद! पुरनपोळी बंद!"

गर्दी झाली की हो! औषधाचं गिऱ्हाईक सोडून त्यो दुकानदारबी भाईर आला.

दस्तगीर क्रेटवर वाकला. त्यानं सुभेदाराचा कल्ला उचलून बघितला, अंगावरनं हात फिरवला. डोळं भरून आलं त्याचं. "बोटाएवढा व्हता तवापास्नं मी वाढवला व्हता ह्याला," म्हनला. आन् मग मला इचारलं, "तात्या, आज ह्यांना खायाला कुनी घातलं?"

"कुनी म्हंजी? मीच! ह्या हातानं!" मी हात वर करून सगळ्या बाजाराला दावला. "दुसऱ्या कुनाला हात घालू देतो का मी? सकाळपास्नं बागंत राबलो, फुलकिड्यांवर औषध मारलं, पोटात कावळं वरडत व्हतं. तरी घरी आल्या आल्या आधी ह्यांना घातलं! मग हातपाय धुतलं, मग भाकरी! आधी ते, मग मी! कोन करतो एवढं? सांगा की, कोन करतो?"

गर्दीतनं एक बागायतदार फुडं सरकला. "तात्या, औषध ढवळलं कशानं?"

"कशानं म्हंजी? हातानं! कोपरापतोर हात घालून! काठीनं ढवळलं की तळाला बसतंय. आन् डोस डब्यावर लिवलाय त्याच्या दुप्पट! मी काय नवशिका हाय?"

त्यो बागायतदार आनकी एक पाऊल फुडं आला.

"मग त्यो हात तुमी कवा धुतला म्हनलासा?"

"बहिरा हाईस व्हय रं? सांगितलं की! आधी माशांना घातलं, आन् मग…"

एवढं बोललो आन् वर केलेला हात वरच राहिला. खाली कसा घ्यावा तेच कळंना! मानसं माझ्या हाताकडं बघत्यात, मी माझ्या हाताकडं बघतोय. बाहीला औषधाचा उग्र वास तर इतका, की माझा मलाच ठसका लागला.

"चला, हला, तमाशा हाय का हितं?" दस्तगीरनं गर्दी हाकलली. मला आत वढलं, साबनाची वडी फुडं केली. "आधी हात धू. मग चहा पी."

हात धुतलं, बशी हातात घेतली. मी म्हनलं, "दस्तगीर, मघाशी ते संबंध तुटला म्हनलो…"

"कवा म्हनलास? मला ऐकू आलं न्हाई," त्यो म्हनला आन् माझ्या बशीत आनकी चहा वतला.

सांजच्याला आमी दोघांनी सुभेदाराला आन् हवालदाराला माझ्याच बागंच्या बांधाला पुरलं. दोन म्हातारी मानसं, एक खोरं, आन् रडतंय कोन ते एकमेकाला दावायचं न्हाई.

हितं संपलं असतं तरी बरं झालं असतं. पर दुसऱ्या दिवशी तो बागायतदार हुडकत हुडकत बागंत आला.

"तात्या, राग मानू नगा. त्या औषधाचं तेवढं नाव सांगा की. एवढालं मासं घटकंत गार झालं, म्हंजी लय जालीम असनार. आमच्या बागंत फुलकिड्यांनी वात आनलाय."

मी त्याला येलीपाशी न्हेलं. फवारलेल्या येलीचा शेंडा धरला आन् त्याच्या तळहातावर झटकला. फुलकिडं ही ढीगभर! एकबी मेलेलं न्हाई. उलट जास्तीच तरतरीत हून पळाय लागलं.

त्यानं त्या किड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् अगदी गंभीर तोंडानं म्हनला,

"तात्या, फवारू नगा. ह्यांनाबी हातानंच भरवा."