हळदीच्या कागदावरचा लाल ठिपका

मुलीच्या सोयरिकीसाठी राहात्याचे पाहुणे मोटारीने आमच्या बेलापुरास आले, ते मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. मी अर्जनवीस; कचेरीत माझ्या अक्षरास मान होता. पाहुणे जेवून आडवे झाले असता, आळीतील मंडळींस मोटारीची माहिती द्यावी म्हणून मी आत बसलो आणि दिव्यांची खुंटी ओढली. ती परत दाबण्याचे राहून गेले. भर उन्हात दिवे जळत असल्याचे कोणाच्याच ध्यानी आले नाही.

मुलगी पसंत पडली. लग्नाची यादी करण्यासाठी मी कोरा फुलस्केप काढला, तोच गाडी सावलीत घेण्यास गेलेला नवरा मुलगा परत आला. बॅटरी पूर्ण उतरली होती. हँडल मारून झाले, ढकलून झाले, व्यर्थ.

मुलाच्या मामांनी पानाचा डबा मिटला. “सोयरिकीच्या दारातच गाडी बसली. शकुन बरा न्हाई. यादीचं पुन्हा कवातरी बघू.”

माजघराच्या दारात पत्नीचा चेहरा उतरलेला दिसला. खुंटीची गोष्ट माझ्या ओठांवर आली आणि तेथेच राहिली.

शेजारी रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत. त्यांनी स्वहस्ते गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड आणि मध्ये अडसर म्हणून एक बल्ब, असा बॅटरी चार्ज करण्याचा सरंजाम फळीवर ठोकून आणला. तारा मात्र दोन्ही काळ्या; अधिक कोणती, वजा कोणती, कळेना.

“अधिकची उजवीकडची असणार,” मी म्हणालो. “विजेच्या जोडणीचे अर्ज तालुकाभर मीच लिहितो.”

“तात्या, अर्जावर बॅटरी चार्ज व्हत न्हाई. उलटी जोडली तर कायमची बसंल. काकू, वाईच हळद अन् मीठ आना.”

त्यांनी माझ्या हातातलाच कागद घेतला, हळदमिठाच्या पाण्यात भिजवला आणि तारांची टोके त्यावर टेकवली. एका टोकाखाली पिवळ्यावर लाल ठिपका उमटला.

“ही वजा.”

“अगं बाई, कुंकू!” पत्नी म्हणाली. “हळदीत चुना घातल्यावानी लाल झालं की!”

मामा उठून कागदावर वाकले.

तारा जोडून तीन तासांनी, हँडलच्या दुसऱ्याच झटक्यास इंजिन धडधडले. मामांनी उन्हात वाळलेला तो कागद माझ्यापुढे ठेवला.

“हळदकुंकू आधीच लागलंय. लिवा यादी. तुमच्या अक्षराचं लई ऐकलंय.”

कागद मिठाने इतका खरबरीत झाला होता की त्याहून वाईट अक्षर मी हयातीत काढलेले नाही. ते कोणी पाहिलेही नाही. सर्वांचे लक्ष लाल ठिपक्याकडे होते. दिव्यांच्या खुंटीविषयी जावयांस मी अद्याप सांगितलेले नाही.