उपपर्ण नसलेली फांदी

सुकवलेल्या झाडांच्या त्या संग्रहालयात तिला सगळे डिंकमावशी म्हणत. आलेली फांदी जाड कागदावर मांडायची, डिंकाने चिकटवायची, जाड देठाला टाका घालायचा, कोपऱ्यात चिठ्ठी लावायची, हे काम तिने एकतीस वर्षं केलं. शाळा जेमतेम सातवीपर्यंत, पण झाडाचं कुळ ओळखण्यात ती भल्याभल्यांचे कान कापायची. "पानं समोरासमोर आणि दोन देठांच्या मधे एवढंसं खवल्यासारखं उपपर्ण दिसलं, की कॉफीच्या कुळाचं कपाट उघडा," असं ती नवख्यांना ठणकावून सांगे.

निवृत्तीला चार दिवस उरले असताना संशोधक मॅडम फांदी चिकटवलेला एक जुना कागद घेऊन लगबगीने तिच्या टेबलाशी आल्या.

"मावशी, फूल कॉफीच्या कुळाचं, फळही त्याच कुळाचं, आणि उपपर्ण एकही नाही! दोन वर्षं डोकं खाल्लं याने. ही नवी जात आहे. उद्या लेख पाठवतेय. आणि झाडाला नाव तुमचं देणार आहे."

"माझं? काहीतरीच तुमचं!"

"खरंच. जगभर तेच नाव चालेल, कायमचं."

मावशीला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. घराच्या पाटीवरसुद्धा तिचं नाव नव्हतं. तेवढ्यात तिची नजर कागदावरच्या तारखेवर गेली. तिच्या नोकरीचा तो पहिला महिना होता. तेव्हा तिला कसलं उपपर्ण आणि कसलं काय! घरी भाजी निवडावी तशी तिने ती फांदी निवडली होती, आणि सांध्यांवरची सुकी खवली कचरा समजून कात्रीने एकूण एक काढून टाकली होती. पुढे कुळं शिकल्यावर तिला चूक कळली, पण ती तिने सोयीस्करपणे विसरून टाकली.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? ती फांदी जिथली, तो डोंगरउतार कधीच धरणाच्या पाण्याखाली गेला होता; पडताळायला दुसरी फांदी मिळणार नव्हती. दुपारभर तिचं कामात लक्ष लागेना. मॅडम घरी निघाल्या तेव्हा तिने हाक मारली.

"मॅडम, तो लेख पाठवू नका. उपपर्णं मी कापलीत."

मॅडमनी फांदीचा सांधा भिंगाखाली धरला. किड्याने खाल्लं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलेली खूण कात्रीच्या पात्यासारखी सरळ होती. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"दोन वर्षं, मावशी."

"हो." मावशीला रडू फुटलं. "खोटं कशाला बोलू, नावाचा मोह झाला. पण उद्या चारचौघांत तुमचं हसं झालं असतं."

संग्रहालयात जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. चूक सापडली की खाली दुरुस्तीची चिठ्ठी लावतात, सुधारणाऱ्याच्या नावानिशी. मॅडमनी कोरी चिठ्ठी घेऊन कॉफीच्या कुळातल्या एका नेहमीच्या जातीचं नाव लिहिलं, खाली लिहिलं, ‘उपपर्णं चिकटवताना कापली गेली’, आणि चिठ्ठी पुढे सरकवली.

"दुरुस्ती तुम्ही केलीत. सही तुमची."

मावशीने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि मागे डिंक लावला. चिठ्ठी जराशी तिरकी बसली. मॅडमनी ती सरळ करू दिली नाही.