शुक्रवारचे मासे आणि लोरेटाचं तळघर

लोरेटा प्रुशिन्स्कीला तीन नवरे झाले. दोन वारले आणि तिसरा शिकागोला राहायला गेला. यात जास्त वाईट काय, असं तिला विचारा. ती जराही न अडखळता शिकागो म्हणेल. तिच्या बारशेजारी मी चाळीस वर्षं लोकांचे केस कापले. त्यामुळे मला तिचं सगळं ठाऊक आहे, आणि जे ठाऊक नाही तेही मी सांगू शकतो.

बार मिल्वॉकीच्या दक्षिण भागात. खाली तळघरात बोलिंगच्या दोन लेन. चेंडूनं पाडलेल्या पिना अजून हातानंच उभ्या करतात. नवव्या वर्षापासून लोरेटा हे काम करायची. डाव्या पायाचं एक बोट तिथंच मोडलं. पिना उभ्या करायचं यंत्र विकायला आलेल्या माणसाला तिनं विचारलं, "तुझं यंत्र बिअर पितं का? नाही? मग त्याच्याशी गप्पा काय मारायच्या?"

मग पलीकडे नवं स्टेडियम झालं आणि त्याला गाड्या ठेवायला आमची गल्ली हवी झाली. सात जणांनी विकून टाकलं. लोरेटानं शहरानं पाठवलेल्या नकाशाची गुंडाळी करून माशी मारली.

नगरसेवक डॅलमन समजूत घालायला आला. "लोरेटाबाई, शहर पुढं चाललंय."

"जाऊ दे की. माझ्या तळघरातून कशाला जातंय?"

तेव्हा त्यानं सुनावणी लावली. शहराच्या पाच जणांच्या समितीपुढं, डॅलमनही त्यातलाच, शंभर जणांनी स्वतः येऊन विरोध नोंदवला नाही, तर बार त्याच संध्याकाळी शहराच्या ताब्यात. शंभर झाले, तरच समिती मतदान घेणार. आणि वार कोणता? ईस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार, संध्याकाळी सहा! डॅलमन इथलाच, वार मुद्दाम निवडलेला. त्या दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासे चालतात, म्हणून पाचपासून सगळी वस्ती तळलेल्या माशांसाठी रांगेत असते. देव न मानणारेसुद्धा. घर पेटलं तरी माणूस आधी ताट संपवेल.

"संपलं," मी म्हटलं. "शुक्रवारी कोण येतंय?"

"अरे, तू केस कापतानाही अशीच घाई करायचास," ती म्हणाली. माझ्या कारागिरीवर हे बोलणं!

शुक्रवारी पाचला लोरेटाच्या माशांसाठीची रांग बारमधून कोपऱ्यापर्यंत गेली होती. एप्रन बांधलेली लोरेटा स्टुलावर चढली.

"मासे तळून झालेत. पण इथं मिळणार नाहीत. सिटी हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर या."

"हा जुलूम आहे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आहेच. बटाट्याचे पॅनकेकही तिथंच गेलेत."

शिव्या घालत, पण सगळे निघाले. सुनावणीच्या खोलीत मावेनात म्हणून जिन्यात बसले. विरोधाच्या वहीत दोनशे बारा सह्या झाल्या, निम्म्या तेलकट.

डॅलमन भडकला. "ही सरळ लाच आहे!"

"लाच? प्रत्येकानं ताटाचे पैसे दिलेत. तुझ्यासारखं फुकट कुणी मागत नाही."

प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. तोंडात पर्च मासा असताना माणूस फार मनापासून बोलतो, हे मला तिथं कळलं. तळघरातल्या त्या लेनवर कुणाचं लग्न जमलं होतं, कुणाचं मोडलं होतं. दोन्हीकडचे लोक हजर. समितीच्या अध्यक्षबाईंनी तिसऱ्याच वक्त्याला थांबवून विचारलं, "आणखी ताटं आहेत का?"

डॅलमनची मागायची छाती होईना. लोरेटानंच त्याच्यापुढं ताट ठेवलं. "खा. तुझ्या आजीला ओळखत होते मी. शुक्रवारी तिनं कुणाला उपाशी ठेवलं नाही."

त्यानं चाटूनपुसून खाल्लं आणि मत आमच्याविरुद्धच दिलं. पाचांपैकी तिघांनी मात्र बार पाडायला नकार दिला.

आता सामना असला की परगावचे लोक गाडी घेऊन गल्लीत घिरट्या घालतात. लोरेटानं दारावर पाटी लावली आहे: "गाडीला जागा नाही. माणसाला आहे, खाली या."