ताई, चबाती म्हणजे चावते नव्हे

मला लिहिता येतं असा माझा दावा नाही. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेवढ्या बळावर लिहितोय, माफ करावं.

माझी भाची सहा वर्षांची. हाक मारली तरी बघायची नाही, वर्गात पोरांना चावायची. आधीच्या डॉक्टरांनी "जिद्दी है" म्हणून परत पाठवलं होतं. आता शाळा म्हणाली, डॉक्टरांकडून कारण लिहून आणा, नाहीतर नाव काढू. ताई तिला मध्य प्रदेशातल्या राजेगावहून बालाघाटला घेऊन आली. शिकलेला म्हणून मी सोबत.

नव्या डॉक्टरांनी जेवणाबद्दल विचारलं, "ठीक से चबाती है?"

ताईला वाटलं, चावण्याबद्दल. "हौ साहेब, एकदम ठीक से. काल मॅडमले चावली, आज याले."

मी मनगट दाखवलं.

डॉक्टर हसले, मग थांबून म्हणाले, "काटती कब है?"

"मांगून, पाठीकडून कोणी हात लावला की."

त्यांनी भाचीच्या पाठीमागे जाऊन स्टीलचा ट्रे खाली पाडला. मी खुर्चीतून उडालो. ती भिंतीवरचं चित्रच पाहत राहिली.

कानाच्या तपासणीला पाठवलं. आठवड्याने ताईचा फोन आला, "पोरगी जिद्दी नाही रे, तिले दोन्ही कानानं कमी आयकू येते. मशीन लावतीन. शाळेत नाव राह्यलं."