दवाखान्याच्या नावावर

आमच्या भट्टीवर वीस जणांची भिशी होती आणि ती मी चालवायचो. भट्टी म्हणजे महाळुंग्याच्या कंपनीतली. लालबुंद गिअर तेलात बुडवून कडक करायचे, हे आमचं काम. भिशी सुरू होताना कॅन्टीनमध्ये चिठ्ठ्या काढून प्रत्येकाचा महिना ठरायचा. एकदा ठरला की बदल नाही. अपवाद फक्त तीन: दवाखाना, लग्न, मयत. हा नियम मी केलेला आणि मला त्याचा फार माज होता. कुणी कुरकुर केली की म्हणायचो, "राव, भिशी आहे ही, सासुरवाडी नाही." लोक हसायचे. पंधरा वर्षांत आपल्या भिशीत एकही भानगड झाली नाही, हे मी घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायचो.

चार वर्षांपूर्वी भट्टीवरचा माझा जोडीदार चहाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. तो बीडकडचा. कंपनीजवळच पत्र्याच्या खोलीत राहायचा. त्याची आई डायलिसिसवर होती आणि आता फार दिवस काढणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"दादा, माझा नंबर पुढं घेता का?" तो म्हणाला. "मायला एकदा इमानात बसवायचंय. नागपूरपर्यंत का व्हईना."

"दवाखान्यासाठी लागतायत का?" मी विचारलं.

"न्हाई. दवाखान्याचं भागलंय. ही तिची हौस हाय."

दवाखान्यासाठी, एवढा एकच शब्द तो बोलला असता तर मी काही विचारलं नसतं. पण तो खरं बोलला. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हौसेसाठी भिशी मोडत नाही. आणि मरणाऱ्या माणसाला विमानात बसवून मिळणार काय तुला?"

तो अर्धा चहा ठेवून कामावर गेला. पुढच्याच महिन्यात त्याची आई गेली. मयत नियमात बसत होती, म्हणून त्याचा नंबर मी लगेच पुढे घेतला. तेव्हा मला वाटलं होतं, मी किती सरळ माणूस आहे.

गेल्या वर्षी माझ्या पोटात दुखायला लागलं. पित्त म्हणून चार महिने गोळ्या खाल्ल्या. मग तपासण्या झाल्या, केमो झाली, आणि तरीही ते यकृतात पोचलं. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा दोनचार वर्षांनीच मोठी असेल. ती म्हणाली, "काका, आता औषधं देऊ ती दुखू नये म्हणून. काही राहून गेलं असेल तर करून घ्या."

राहून एकच गोष्ट गेली होती. मला बर्फ बघायचा होता. हसू नका. पुण्यात थंडी पडली की लोक स्वेटर शोधतात, मी भट्टीसमोर शर्टाची बटणं उघडून उभा असायचो. बावीस वर्षं घाम पुसत मी मनातल्या मनात बर्फात उभा राहायचो. बायकोला सांगितलं तर ती आधी रडली आणि मग म्हणाली, "जाऊ की मग." पण साठवलेलं होतं ते तिचं आणि मुलीचं होतं. त्याला मी हात लावणार नव्हतो. राहिली भिशी. तिच्यात माझा नंबर शेवटून दुसरा, आणि तोवर मी असेन याची काही खात्री नव्हती.

कंपनीच्या बसने मी महाळुंग्याला गेलो. भोसरी गेली, मोशी गेली, आणि मी वाक्य घोकत होतो. कॅन्टीनमध्ये सगळे उठून उभे राहिले, कुणी खुर्ची दिली. मी म्हणालो, "माझा नंबर पुढं घ्या. दवाखान्यासाठी."

एवढंच. खरं सांगितलं असतं तरी त्यांनी दिलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला भीती वाटली की कुणीतरी माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारेल. मरणाऱ्या माणसाला मिळणार काय? ते ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी खोटं बोललो, आणि बोलताना माझ्या जोडीदाराकडे पाहिलं नाही.

त्या महिन्याचा नंबर नेमका त्याचाच होता. त्याला दोन खोल्यांचं घर भाड्याने घ्यायचं होतं, डिपॉझिट भरायचं होतं. तो लगेच म्हणाला, "माझा घ्या दादा. मी तुमच्या नंबरावर घेतो." मग दुसऱ्या कुणीतरी सुचवलं की माझे पुढचे हप्ते सगळ्यांनी मिळून भरायचे. आजारी माणसाला कशाला ताप? सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर रविवारचा ओव्हरटाइम देऊ केला. मी नको नको म्हणत राहिलो आणि घेत राहिलो.

बायकोला मी सांगितलं की मी त्यांना सगळं खरं सांगितलंय.

मनालीला निघायच्या दोन दिवस आधी जोडीदार पिंपळे गुरवला आमच्या घरी आला. हातात शहाळी. मी आतून आवाज ऐकला. पलंगावर दोन नव्या कानटोप्या पडल्या होत्या आणि टीव्हीपाशी विमानाची तिकिटं. मी उठून काही लपवायच्या आत तो खोलीत आला. त्याने टोप्या पाहिल्या. तिकिटं पाहिली. आणि मागून पाण्याचा तांब्या घेऊन आलेली माझी बायको, बिचारी, मनापासून म्हणाली, "भाऊजी, तुम्हा सगळ्यांमुळं ह्यांना बर्फ बघायला मिळतोय. देव तुमचं भलं करो."

मी चादरीकडे बघत बसलो. माझी लाज इतकी उघड्यावर कधी आली नव्हती. तो आता काय बोलेल याची मी वाट पाहत होतो. तो काहीही बोलला असता तरी ते मला चाललं असतं.

"व्हय वहिनी," तो म्हणाला. "दादांनी सांगितलंय की आमाला."

मग तो पाणी प्यायला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला. "विमानतळावर आत गेल्याबरुबर चाकाची खुर्ची मागा. आजारी मानसाला तिचे पैसे पडत न्हाईत. तिकिटावरच्या नंबरावर आधी फोन करून सांगितलं तर मानूस घ्यायलाच येतो. औषधांची चिठ्ठी वरच्या पिशवीत ठेवा, आत तपासतात. आन् खिडकीची जागा मागून घ्या. पंखावरची नको, तिथून दिसत न्हाई."

"भाऊजी, तुम्ही बसलायत वाटतं विमानात?" बायकोने विचारलं.

"न्हाई वहिनी," तो म्हणाला. "मायसाठी समदं इचारून ठेवलं व्हतं."

तो गेल्यावर बायको म्हणाली, किती चांगला माणूस आहे. मी म्हणालो, हो. तिकिटं फाडून टाकावीत असं वाटलं, पण फाडली नाहीत. मला बर्फ बघायचाच होता. हेही लिहून ठेवतो, कारण लाज वाटली म्हणून मी मागे फिरलो असं कुणाला वाटायला नको.

त्याने सांगितलं तसंच सगळं झालं. लोहगावच्या विमानतळावर माणूस खुर्ची घेऊन आला. औषधांची चिठ्ठी विचारली, ती वरच होती. खिडकी मिळाली, पंखाच्या पुढची. प्रत्येक गोष्ट त्याच्या आईच्या वाट्याची होती आणि मी ती एकेक वापरत चाललो होतो. विमान धावायला लागलं तेव्हा मी डोळे घट्ट मिटले. बायको म्हणत होती, अहो, बघा की खाली, घरं बघा केवढीशी झालीत. मी चंदीगड येईपर्यंत डोळे उघडले नाहीत, आणि येताना खिडकी तिला दिली.

बर्फ पाहिला. मनालीच्या वर गाडी थांबली, बायकोने माझ्या तळहातावर थोडा ठेवला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तो विरघळेपर्यंत झाला.

परत आल्यावर मी बसने कंपनीत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, दवाखाना नव्हता, फिरायला गेलो होतो. वाटलं होतं शिव्या पडतील. एकाने पाठीवरून हात फिरवला. हप्त्यांचं नाव काढलं तर म्हणाले, राहू द्या दादा. मरायला टेकलेल्या माणसाला कुणी शिवी देत नाही, आणि मला ती हवी होती.

तो मला बसपर्यंत सोडायला आला. पायरीपाशी माझा दंड धरून त्याने विचारलं, "खिडकी मिळाली का?"

"मिळाली."

"वरून काय दिसतं वं दादा?"

एवढ्या सगळ्याच्या बदल्यात त्याने माझ्याकडे मागितलं ते एवढंच. ढग, नदी, घरं, काहीही सांगता आलं असतं. खोटं जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "मी पाहिलंच नाही रे. डोळे मिटून बसलो होतो."

तो हसला. अगदी मोकळं हसला. "भ्याला व्हय दादा? मायनं बी मिटलेच असते बगा. लई भित्री व्हती."

ती भीती नव्हती, हे मी त्याला सांगितलं नाही. बस सुटली.