पट्टी चांगल्या पायाला

मी साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. कंपनीचा कबड्डी संघ सांभाळणं हे माझं वरचं काम, बिनपगारी आणि शिव्या खाण्याचं. तरुणपणी मी स्वतः कोपऱ्यात उभा राहून पकडी करायचो, त्यामुळे कुणीही समोर आलं की तोंडाआधी त्याच्या पायांकडे बघायची खोड अजून गेलेली नाही.

आमचा चढाईवाला कळंबच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला. अंगाने किडकिडीत, बोलायला लाजरा, पण मध्यरेषा ओलांडली की समोरचे सातही जण मागे सरकायचे. त्याच्यासारखा खेळाडू मी दुसरा पाहिलेला नाही, हे मनापासून सांगतो. पण उजव्या गुडघ्याचं लिगामेंट दोनदा गेलेलं. अर्धा मोसम खेळायचा, अर्धा मोसम भिंतीला टेकून बसायचा. कंपनीत तो कंत्राटी होता, अकरा महिने झाले की नवा कागद. कायम होणं एवढंच त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या डोक्यात असायचं.

आमच्याकडे एक जुनी लबाडी आहे. दुखऱ्या पायाला पट्टी बांधायची नाही, चांगल्या पायाला बांधायची. समोरच्यांना ऐकून माहीत असतं की याचा गुडघा अधू आहे, कोणता ते माहीत नसतं. ते पट्टी बघून पाय धरतात आणि दुखरा वाचतो. म्हणून दर सामन्याआधी त्याच्या डाव्या, धडधाकट गुडघ्याला पट्टी मी स्वतः बांधायचो. तो पाय पुढे करायचा आणि हसत म्हणायचा, "दादा, आज डावा दुकतोय बरं का."

पळसदरीच्या स्पर्धेची फायनल आठवड्यावर आली असताना कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. याला कायम करायचं त्यांच्या मनात होतं, तेही खेळाडू म्हणून सगळ्यात वरच्या ग्रेडमध्ये. दुसरी एक कंपनी त्याला उचलेल अशी त्यांना धास्ती होती.

"पण त्या गुडघ्याचं काय?" त्यांनी विचारलं. "तुम्ही रोज बघता. एवढा पगार द्यायच्या लायकीचा आहे का तो? तुम्ही हो म्हणा, आज सही करतो."

वरचा ग्रेड. वीस वर्षं स्टोअरच्या धुळीत काढून मला तो मिळाला नव्हता. माझे दोन्ही गुडघे शाबूत असतानाही मिळाला नव्हता. यावरून माझ्या पोटात दुखलं, आणि पोटात दुखणारा माणूस तोंडाने वेगळंच बोलतो. मी अगदी जबाबदार माणसाच्या आवाजात म्हणालो, "घाई कशाला साहेब? फायनल बघू. टिकला तर करा."

साहेबांनी पेन खिशाला लावलं.

फायनलला शेवटची मिनिटं उरली होती, आम्ही एका गुणाने मागे होतो. तो चढाईला गेला, एकाला हात लावला आणि वळला. त्यांच्या कोपऱ्यातल्या आडदांड गड्याने झेप घेतली आणि पट्टी बघून डावाच पाय धरला. लबाडी बरोबर लागली होती. फक्त तो गडी सोडेना. दुसराही त्याच्या पाठीवर पडला. आता दोघांना ओढत रेषेपर्यंत यायचं तर सगळा भार उजव्या पायावर. इतकी वर्षं ती पट्टी बांधताना हा हिशोब माझ्या डोक्यात कसा आला नव्हता, कुणास ठाऊक.

मैदानाबाहेर होतो मी. कोणता पाय कोणता, हे तिथे मला एकट्याला कळत होतं. आणि मी ओरडलो, "खेच रे! खेच!"

त्याने खेचलं. आवाज मला ऐकू आला असं मी पुष्कळांना सांगितलंय, पण ते खोटं आहे, एवढ्या गोंगाटात काय ऐकू येणार? मी पाय पाहिला, तो भलत्याच बाजूला वळला होता. बोटं मात्र रेषेला लागली होती. पंचांनी आमचे गुण दिले. पोरं नाचत आत धावली आणि त्याच्यापाशी पोचल्यावर स्ट्रेचरसाठी ओरडायला लागली.

करंडक कंपनीच्या काचेच्या कपाटात आहे. दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "बरं झालं तुम्ही थांबायला सांगितलंत. केवढ्याला पडलं असतं." मी मान हलवली. त्याचा कागद संपला तेव्हा नवा निघाला नाही.

आता तो कळंबच्या एका रिसॉर्टच्या गेटवर असतो. जाईन जाईन म्हणत मी वर्ष काढलं आणि मग एकदा गेलो. तो खुर्चीवरून उठला, उजवा पाय ताठच ठेवून. खोलीत जाऊन धुतलेली, गुंडाळलेली पट्टी घेऊन आला.

"कंपनीची हाय, दादा. स्टोअरला जमा करा."

"राहू दे रे."

"नाय, उगाच तुमच्यावर नको."

गाड्या आल्या. त्याने लंगडत जाऊन गेट उघडलं, सलाम केला, गेट लावलं. परत येऊन म्हणाला, "साहेब फायनलच्या आदीच मला कायम करनार व्हते म्हनं. पॅकिंगमधी कुनीतरी बोललं. मधी कुनी खोडा घातला, तुमाला काय ठावं हाय का?"

"नाय रं," मी म्हणालो. माझ्या तोंडात कधी नव्हे ती त्याचीच बोली आली.

"जाऊ द्या." त्याने माझा हात धरला. "तुमाला इचारलं असंल ना साहेबांनी? तुमी माझ्यासाटी बोलला असाल, मला म्हाईत हाय."

मी हो म्हणालो.